हेडली मॅडर्नचं बोट आणि स्पडची झोप

तर आमच्या गावच्या मेंढ्यावाल्या हेडलीची पिकअप पुलाच्या तोंडाशी, समोरून आलेल्या बर्ट क्वेलचा ट्रक तिच्या शेजारी, दोघांच्या खिडक्या समोरासमोर, इथंच काल आपण थांबलो होतो. हेडलीनं स्टिअरिंगवरून उजव्या हाताचं एक बोट वर केलं, "कसं काय, बर्ट?" म्हणाला, आणि पुढं दोनशे मेंढ्यांच्या कडेनं चाललेला त्याचा कुत्रा स्पड रस्त्याच्या मधोमध आडवा झाला. पोट डांबरावर, नाक पुढच्या पायांवर, डोळे मिटलेले. जणू कुणी त्याची कळ बंद केली.

बर्टनं पंपाचं विचारलं होतं. हेडलीच्या विहिरीवरचा पंप आठवडाभर बंद होता आणि त्यातला एक रबरी वायसर बदलल्यावर तो सुरू झाला. आता ही गोष्ट सांगायला तुम्हाला मला किती वेळ लागेल? हेडलीला पस्तीस मिनिटं लागली, कारण तो वायसर ज्या दुकानातून आणला त्या दुकानदाराच्या सासऱ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं.

मेंढी ही जात अशी, की पाठीशी कुत्रा नाही यावर पहिली पाच मिनिटं तिचा विश्वासच बसत नाही. सहाव्या मिनिटाला बसतो. जानेवारी म्हणजे आमच्याकडं भर उन्हाळा, चहूकडं गवत वाळून पुठ्ठ्यासारखं झालेलं, आणि पुलापासून तीनशे पावलांवर आमच्या टूलगारा गावातली एकुलती एक हिरवी जागा: बोलिंग क्लबचं, म्हणजे गवतावर गोळे घरंगळवायच्या खेळाचं मैदान. ते मैदान मी राखत असे. रोज पहाटे उठून त्याला पाणी घालायचं, दिवसाआड कापायचं, वर रूळ फिरवायचा. माझ्या हनुवटीवर नसेल इतकी गुळगुळीत हजामत त्या गवताची असायची.

त्या शनिवारी शेजारच्या गावाशी सामना होता. दोन्हीकडचे मिळून सोळा म्हातारे-म्हाताऱ्या, सगळे नियमाप्रमाणं पांढऱ्या कपड्यांत, वाकून वाकून गोळे घरंगळवत होते. त्यांच्यात दोनशे पांढऱ्या मेंढ्या मिसळल्यावर लांबून कोण कोण आहे ते मला काही वेळ कळेना. पाहुण्यांचा कप्तान नजरेनं जरा अधू होता. त्यानं एका मेंढीला दोनदा सांगितलं, की बाई, आता पाळी माझी आहे.

क्लबची चिटणीस होती थेल्मा मॅडर्न, म्हणजे हेडलीचीच थोरली बहीण. चहाची किटली हातात घेऊन ती पायरीवर आली आणि तिला मेंढ्यांच्या कानातले बिल्ले दिसले. बिल्ले तिनंच मारलेले होते. ती काहीच बोलली नाही. थेल्मा बोलली नाही की आमच्याकडं लोक टोप्या काढतात.

मग हेडली आला. आधी पळत, मग चालत, कारण मैदानावर ओळखीची माणसं होती. त्यानं पहिल्याला बोट वर केलं, कसं काय विचारलं. दुसऱ्याला विचारलं. मागून नुकताच उठून आलेला स्पड माझ्या गवताच्या बरोब्बर मध्यावर पुन्हा झोपला.

"हेडली," थेल्मा म्हणाली, "ते बोट खाली घे."

आता हे बोट काय प्रकरण आहे ते तुम्हाला सांगायला हवं. आमच्या भागात घरापासून घर सात-आठ किलोमीटर. रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं ही रीतच आहे. सगळेच उचलतात. उचलतात आणि पुढं जातात. हेडली उचलायचा आणि थांबायचा. त्याचं कारण आमची शाळा. एका खोलीची शाळा, एक शिक्षिका, तेवीस पोरं. शिकवायला मिस पर्विस. त्यांनी आम्हाला पाढे शिकवले ते मी विसरलो, नद्या शिकवल्या त्या आटल्या, पण एक वाक्य सगळ्यांच्या डोक्यात राहिलं. त्या म्हणायच्या, की समोरून माणूस आला आणि तुम्ही बोलला नाहीत, तर त्याला वाटेल आपण मेलोय की काय. बाकीच्या बावीस जणांनी हे ऐकलं. हेडलीनं ते मनावर घेतलं. पन्नास वर्षं तो या जिल्ह्यातल्या एकेका माणसाला तो जिवंत असल्याची खात्री पटवत फिरत होता.

लग्न केलं नाही. करणार होता एकदा, पण मागणी घालायला निघाला आणि वाटेत त्याला तीन गाड्या भेटल्या. पोचला तोवर तिच्या घरच्यांची जेवणं उरकून दिवे मालवले होते. दुसऱ्यांदा जायचा त्याला संकोच वाटला. ते असो. बाप गेल्यावर शेत भावंडांच्या नावावर झालं. थेल्मा हिशेब आणि शब्द पाळायची, हेडली मेंढ्या आणि ओळखी.

आणि चार वर्षांपूर्वी स्पड आला. केल्पी जातीचा, तांबूस, बटाट्याच्या आकाराचा म्हणून नाव स्पड, म्हणजे बटाटाच. केल्पी म्हणजे मेंढ्या वळायलाच जन्माला आलेला प्राणी. त्याला शिकवायचं फारसं नसतं, नुसतं बिघडवायचं टाळायचं असतं. पिल्लू असल्यापासून ते हेडलीबरोबर. त्यानं पाहिलं, की बोट वर गेलं आणि धनी "कसं काय" म्हणाला, की मग अर्धा तास जगात काहीही घडत नाही. शहाण्या कुत्र्यानं अशा वेळी काय करावं? तो झोपायला लागला. रोज पाच-सहा वेळा, चार वर्षं. हेडलीला वाटायचं कुत्रा स्वभावानं शांत आहे. अभिमानानं सांगायचाही लोकांना, त्याच वेळी, त्याच बोटानं.

मैदानाच्या त्या प्रकरणानंतर थेल्मानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि निकाल सांगितला. मी तिथंच होतो, गवताच्या नुकसानीबद्दल बोलायला गेलो होतो आणि मला केक देऊन बसवलं होतं. मार्चमध्ये गावचं शेतकी प्रदर्शन असतं, त्यात कुत्र्यांची मेंढ्या वळायची स्पर्धा असते. त्या स्पर्धेत स्पडनं साऱ्या जिल्ह्यासमोर तीन मेंढ्या कोंडून दाखवायच्या. दाखवल्या तर राहील. नाही तर तो शहरात तिच्या मैत्रिणीकडं जाईल, जिला सोफ्यावर बसणारा कुत्रा हवाच होता, आणि मेंढ्यांमागं फिरायला मोटारसायकल येईल.

हेडलीनं टेबलाखाली पाहिलं. स्पड त्याच्या बुटावर हनुवटी टेकवून बसला होता. हेडलीच्या चेहऱ्यावरचं ते पाहणं मला बघवेना म्हणून मी आणखी एक केक घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेंढ्या वळणारी कुत्री तयार करणाऱ्या ओल्गा शिर्मरकडं गेलो. चाळीस किलोमीटरवर त्यांचं शेत. काटकुळी बाई, साठीची, आणि आठवड्याला मोजून दहा वाक्यं बोलणारी. त्यांच्या अंगणात अकरा कुत्री होती आणि एकही भुंकत नव्हतं. तिथं पोचल्यावर माझाही आवाज आपोआप बसला. त्या एका पालथ्या बादलीवर चहाचा मग घेऊन बसल्या आणि हेडलीला म्हणाल्या, चालवा कुत्रा.

स्पडनं झकास काम सुरू केलं. डावीकडून गेला, उजवीकडून आला, दहा मेंढ्या गोळा करून आणल्या. पण माझ्या लक्षात आलं, की शिर्मरबाई कुत्र्याकडं बघतच नाहीत. त्या हेडलीकडं बघत होत्या. तेवढ्यात रस्त्यानं कुणाची तरी गाडी गेली. आमच्या ओळखीची नव्हे, दूरची, धुळीतून नीट दिसतही नव्हती. हेडलीचं बोट वर गेलं. "कसं काय," तो त्या धुळीला म्हणाला. स्पड आडवा.

मग हेडलीनं ऊठ म्हटलं, चल म्हटलं, शिट्ट्या मारल्या, विनवण्या केल्या. कुत्र्याचा कानही हलेना. शिर्मरबाईंनी मगातला उरलेला चहा जमिनीवर ओतला, उठल्या आणि पत्र्याच्या टाकीवर बसलेली गांधीलमाशी हाकलायला टाकीवर पंजानं थाप मारली. त्यासरशी स्पड ताडकन उठला, धावत आमच्या पिकअपपाशी गेला आणि उडी मारून मागं चढून बसला.

बाई टाकीकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, की हा माणूस कुणाचा निरोप घेतो तेव्हा काय करतो.

मी सांगितलं. हेडलीचे निरोप तीन असतात. पहिला "बरं, निघतो मग." याचा अर्थ एवढाच, की आता मुख्य विषयाला सुरुवात होणार. दुसरा "चल, तुझा वेळ खात नाही." त्यानंतर आजारपणं येतात. तिसऱ्या वेळी तो काही बोलत नाही, समोरच्याच्या गाडीच्या टपावर पंजानं थाप मारतो, आणि मग खरोखर निघतो. पहिले दोन खोटे असतात हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कुत्र्यालाही माहीत असेल हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"कुत्रा उत्तम आहे," शिर्मरबाई म्हणाल्या. "तुम्ही चार वर्षं रोज एकच धडा दिलात, त्यानं तो पाठ केला. आता शिकवायचं ते तुम्हाला. वय काय तुमचं?"

"एकसष्ट," हेडली म्हणाला.

"उशीर झालाय. बसा."

हेडली बसला. तो इतक्या चटकन बसला, की बाईंच्या अकरा कुत्र्यांनीही बसून घेतलं. त्यांनी खिशातून विजेच्या तारांना लावतात ती काळी चिकटपट्टी काढली आणि त्याचं उजवं बोट शेजारच्या बोटाला गुंडाळून टाकलं. नियम एकच. कुत्रा सोबत असताना बोट नाही, कसं काय नाही, थांबणं नाही. माणूस भेटला तर नजर मेंढ्यांवर. सहा आठवडे. मग त्या माझ्याकडं वळल्या आणि माझीही नेमणूक झाली. हेडलीनं नीट केलं की तीन सेकंदांच्या आत त्याला काहीतरी खायला द्यायचं. उशिरा दिलेली शाबासकी कशाबद्दल आहे ते कुत्र्याला कळत नाही, म्हणे, आणि पुरुषांना तर मुळीच नाही. चुकला तर रागवायचं नाही, मारायचं नाही. फक्त तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायचं.

त्या दिवसापासून मी जॅमच्या बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन हेडलीच्या शेजारी बसायला लागलो. शेजारी बसणाऱ्यानं उतरून फाटकं उघडायची ही आमच्याकडची जुनी रीत. हेडलीच्या शेतात अकरा फाटकं आहेत. म्हणजे त्याचं शिक्षण आणि माझी कसरत दोन्ही एकदमच सुरू झाली.

पहिल्या दिवशी सात गाड्या भेटल्या आणि सातही वेळा मी खिडकीबाहेर बघितलं. हेडलीची गंमत अशी, की त्याला रागावलेलं चालतं, चार शिव्या चालतात, पण कुणी तोंड फिरवलेलं त्याला सोसत नाही. सातव्या वेळी मला म्हणाला, गड्या, निदान काहीतरी बोल तरी. मी बाहेर बघत राहिलो. बाहेर काहीही नव्हतं, एक कुंपणाचा खांब होता. तो खांब मी आजही ओळखेन.

तिसऱ्या दिवशी टपालाची गाडी आली. हेडलीचं चिकटपट्टीतलं बोट दुसऱ्या बोटाला घेऊन अर्धं वर आलं, पण त्यानं दात ओठांवर रोवले आणि गाडी निघून गेली. मी दोन सेकंदांत बिस्किट त्याच्या तोंडात कोंबलं. मागच्या काचेतून स्पड बघत होता. आपल्या धन्याला बिस्किट का मिळालं याचा तो बराच वेळ विचार करत असावा, कारण त्यानं डोकं आधी डावीकडं कलतं केलं, मग उजवीकडं.

दुसऱ्या आठवड्यात दूरवर धूळ दिसली की हेडली माझ्या डब्याकडं बघायला लागला. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पँटचं वरचं बटण लागेना.

इकडं जिल्ह्यात हाहाकार. हेडली मॅडर्न बोलत नाही ही बातमी वणव्यापेक्षा वेगानं पसरली. कुणी म्हणालं त्याला झटका आलाय, दोन बोटं कायमची जुळली आहेत. कुणी म्हणालं शेत विकलंय आणि तोंड दाखवायची लाज वाटते. पास्टर येऊन थेल्माकडं हळूच चौकशी करून गेले, की घरात काही दुःखद घडलंय का. आमच्याकडं माणसाचं दुःख कळलं की बायका मटणाचा रस्सा झाकणाच्या भांड्यात घालून दारात ठेवून जातात. मॅडर्नांच्या ओट्यावर एका आठवड्यात नऊ भांडी जमली. थेल्मा रोज संध्याकाळी आभाराची पत्रं लिहायची आणि प्रत्येक पत्रात सत्य लिहावं की नको यावर पेन अडायचं. शेवटी तिनं लिहिलं, "हेडली ठीक आहे, त्याचं शिक्षण चालू आहे." याचा तर लोकांनी भलताच अर्थ लावला.

सगळ्यात जास्त मनाला लावून घेतलं बर्ट क्वेलनं. त्याला वाटलं आपण पंपाच्या गोष्टीत पुरेसा रस दाखवला नाही. त्यानं एक कोरा रबरी वायसर आणून फाटकाला दोरीनं बांधून ठेवला. हेडलीनं तो पाहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कुत्र्याला घरी बांधून तो थेट माझ्याकडं आला आणि जेवणापासून चहापर्यंत एकटा बोलला. तीन आठवड्यांच्या बातम्या आत तुंबल्या होत्या. माझी बायको मध्ये दोनदा कपडे वाळत घालून आली.

पण एक खरं. कुत्रा बदलला. पहिल्यांदाच स्पडला दिवसभर सलग काम पडलं. आधी तो सारखा वळून हेडलीच्या हाताकडं बघायचा, आता वर जाईल, मग जाईल, या आशेनं. मग त्यानं आशा सोडली आणि मेंढ्यांकडं लक्ष दिलं. आणि बघतो तर काय, कुत्रा हिरा होता. डोंगर उतरणाऱ्या पाण्यासारखा मेंढ्यांना वळसा घालायचा, आवाज नाही, चावा नाही. शिर्मरबाई येऊन बघून गेल्या. अर्धा तास उभ्या होत्या. निघताना त्यांनी माझ्या डब्यातलं एक बिस्किट काढलं आणि हेडलीला स्वतःच्या हातानं दिलं. त्या रात्री म्हणे हेडलीला झोप लागली नाही.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. साधी गोष्ट असते बघा: तीन मेंढ्या, एक कुत्रा, एक माणूस, पंधरा मिनिटं. मेंढ्यांना दोन खांबांमधून न्यायचं, एका फळीच्या पुलावरून चालवायचं, आणि शेवटी कोपऱ्यातल्या वाडग्यात, म्हणजे कुंपण घातलेल्या कोंडवाड्यात, घालून फाटक दोरीनं ओढून लावायचं. माणसानं मेंढीला हात लावायचा नाही. स्पर्धेसाठी मेंढ्या दरवर्षी वेगळ्या शेतावरून येतात आणि त्या वर्षी पाळी मॅडर्नांची होती. थेल्मानं घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मेंढ्या निवडून पाठवल्या होत्या, कारण त्या दगदगीनं मेल्या तरी फारसं बिघडणार नव्हतं.

प्रदर्शनाच्या मैदानाची नुसती माती झाली होती. हिरवं म्हणाल तर वाडग्याच्या आत होतं तेवढंच, कारण तिथला नळ महिनाभर गळत होता आणि दुरुस्त करायचा कुणी हे समितीत ठरलं नव्हतं.

हेडली टोपी भुवयांपर्यंत ओढून मैदानात शिरला. दोरी धरायची म्हणून चिकटपट्टी काढावी लागली होती. सहा आठवड्यांनी मोकळं झालेलं ते बोट पांढरं, बारीक आणि भुकेलेलं दिसत होतं. मला बिस्किटांसकट कठड्याबाहेर बसवलं. सारा जिल्हा आला होता आणि सारा जिल्हा त्याच्यावर रुसलेला होता, त्यामुळं कुणी हाक मारली नाही. आमच्या दृष्टीनं हे फार सोयीचं झालं.

दोन खांब झाले. फळी झाली. स्पड असा काम करत होता, की रुसलेल्या लोकांनी माना पुढं काढल्या. पलीकडं केक आणि मुरंब्याच्या मांडवात थेल्मा चिमट्यात केक धरून तशीच उभी होती. वाडग्यापाशी आले तेव्हा अजून दोन मिनिटं शिल्लक होती. इथं मात्र मेंढ्या अडल्या. पुढची एक टकल्या तोंडाची म्हातारी होती, ती कुत्र्याकडं तोंड करून पाय आपटायला लागली. स्पड एक पाऊल पुढं, ती एक पाऊल पुढं. हेडली दोरी धरून उभा, घामानं निथळलेला, नजर मेंढीवर.

आणि वाडग्याला लागूनच छत्रीखाली चाकाच्या खुर्चीत मिस पर्विस बसल्या होत्या. वय त्र्याण्णव. त्यांना गावातल्या भानगडी कुणी सांगितल्या नव्हत्या.

"हेडली मॅडर्न," त्या म्हणाल्या, "मी इथं बसलेली तुला दिसत नाही का?"

मी डबा उघडला, बिस्किट काढलं, लांबून हलवून दाखवलं. शिर्मरबाईंनी डोळे मिटून घेतले. हेडलीनं एकदा मेंढीकडं पाहिलं, एकदा स्पडकडं पाहिलं. मग त्यानं टोपी काढली. बोट वर गेलं. सहा आठवड्यांत ते इतकं वर कधी गेलं नव्हतं.

"कसं काय, मिस?"

स्पड जागच्या जागी आडवा झाला. सहा आठवड्यांचा थकवा होता बिचाऱ्याला, चक्क घोरला. मुरंब्याच्या मांडवात केक खाली पडला. मिस म्हणाल्या बाकी ठीक आहे, गुडघे दुखतात. हेडलीनं विचारलं, उजवा की डावा?

आता मेंढ्यांचं काय झालं ते ऐका. त्या मॅडर्नांच्याच मेंढ्या. चार वर्षं त्यांनीही तेच पाहिलेलं होतं: हे बोट वर गेलं, कुत्रा झोपला, की अर्धा तास सुट्टी, आणि सुट्टीत जवळपास जिथं हिरवं असेल तिथं जायचं. हेडलीनं कुत्र्याबरोबर मेंढ्याही शिकवून ठेवल्या होत्या, नकळत. टकल्या म्हातारीनं पाय आपटणं थांबवलं. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मागं वळून वाडग्यात पाहिलं, आणि ती आत गेली. मागून दुसरी. मागून तिसरी. तिघींनी माना खाली घातल्या आणि नळाखालचं गवत खायला लागल्या.

परीक्षक बाहेरगावचे होते, ते खुर्चीतून उठून उभे राहिले. हेडलीची पाठ वाडग्याकडं. तो विचारत होता, गुडघ्याला गरम पिशवीनं बरं वाटतं का.

"वाटतं," मिस पर्विस म्हणाल्या. "पण तू आधी ते दार लाव, मग बोल."

मिसनी सांगितलं म्हणून त्यानं दोरी ओढली. फाटक लागलं. अकरा सेकंद उरले होते.

परीक्षकांनी जाहीर केलं, की अडलेल्या मेंढीसमोर कुत्र्याला असं निवांत झोपवून तिच्यावरचा दाब काढून घेणं, आणि वर स्वतः पाठ फिरवून गप्पा मारत उभं राहणं, एवढा आत्मविश्वास त्यांनी तीस वर्षांत पाहिला नाही. तिसरा क्रमांक, पिवळी फीत. फीत लावायला स्पडला जागं करायला हवं होतं, त्यासाठी मी जाऊन नळाजवळच्या पत्र्यावर थाप मारली. शिर्मरबाईंनी माझ्या डब्यातली उरलेली सगळी बिस्किटं एकटीनं खाल्ली. त्या वर्षी त्यांचं ते शेवटचं वाक्य असावं: "आता मेंढ्यांना शिकवायला माझ्याकडं आणू नका."

लोकांचे रुसवे त्याच दुपारी निघाले. हेडलीनं रांगेनं सगळ्यांना कसं काय विचारलं आणि स्पड मांडवाच्या सावलीत संध्याकाळपर्यंत झोपला. बर्टशी पंपाचा विषय पुन्हा पहिल्यापासून झाला.

पण थेल्मा शब्दाला पक्की बाई. ती मांडवामागं येऊन आमच्यासमोर उभी राहिली, हात पुसले, आणि म्हणाली की अट कुत्र्यानं मेंढ्या कोंडायची होती. कुत्रा घोरत होता, हे तिनं स्वतः ऐकलं. मेंढ्या आपल्या पायानं गेल्या. परीक्षकाला फसवता येईल, तिला नाही. मैत्रिणीनं सोफ्यावर चादर घालून ठेवली आहे आणि मोटारसायकलवाल्याला सोमवारी यायला सांगितलं आहे. तेव्हा हेडलीला काय म्हणायचं असेल ते त्यानं आत्ता म्हणावं.

हेडलीनं उत्तर द्यायला इतका कमी वेळ घेतला, की मला वाटलं याला ऊन लागलं. त्या उत्तरानंतर थेल्मानं जाऊन फोन केले, आधी मोटारसायकलवाल्याला आणि मग मैत्रिणीला. स्पड त्याच शेतावर आणखी नऊ वर्षं जगला आणि त्यातली निदान तीन तरी त्यानं झोपेत काढली असतील. हेडली काय म्हणाला ते मी शेजारी उभं राहून ऐकलंय, तेव्हा जसंच्या तसं सांगतो:

"थेल्मा, तुझा शब्दन् शब्द खरा आहे. कुत्रा झोपला, मेंढ्या आपल्या आपण गेल्या, आणि मी मिसच्या गुडघ्यात अडकलो होतो. आण तू मोटारसायकल, मी बसेन. फक्त कुणाला कसं काय म्हणायचं तर मला हात सोडावा लागतो, तेवढं ध्यानात ठेव. मी हात वर केला की असेल तिथं आडवं पडायचं, हे शिकायला स्पडला चार वर्षं लागली. मोटारसायकल पहिल्याच दिवशी शिकेल."